संगणकाचा आवाज : साउंड कार्ड घ्यावे की न घ्यावे?

खेळाचा संगणक ही आता केवळ शहरातल्या मुलांची मिरास राहिलेली नाही. तालुक्याच्या दुकानातून सुटे भाग निवडून जोडून घेतलेले संगणक खेड्यातल्या घरांतही येऊ लागले आहेत. बारावीला बरे गुण पडले, वडिलांनी शब्द दिला होता, उसाचे बिलही हाती आले. मग दुकानदार यादी करून देतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. बेरीज होते. आणि सगळे ठरत आले, की चिरंजीव हळूच म्हणतात, "बाबा, तेवढं एक साउंड कार्ड पण घेऊ या ना!" किंमत विचारावी तर ती हजारांत. वडील गप्प होतात. घ्यावे तर पैसे जातात, न घ्यावे तर पोराचा एवढा मोठा संगणक मुका राहील की काय, अशी धास्ती. असा पेच पडला की गावात लोक शाळेच्या मास्तरांकडे येतात, हे आपणां शिक्षकमंडळींना मी सांगायला नकोच.

मी अर्थशास्त्राचा माणूस. आमच्या शास्त्रात एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : हातातला शेवटचा रुपया कुठे टाकला असता सर्वांत जास्त पदरात पडेल? आज हाच प्रश्न आपण साउंड कार्डाला लावून पाहू. उत्तर आधीच सांगून टाकतो. दहांतल्या आठ-नऊ घरांनी ते घेऊ नये. तेच पैसे चांगल्या हेडफोनला घालावेत. पण उरलेल्या एका-दोन घरांना त्याची खरी गरज असू शकते. आपले घर कोणत्या बाजूला पडते हे ओळखायचे कसे, ते आता पाहू.

प्रथम हे कार्ड करते काय? संगणकात आवाज नसतो, आकडे असतात. समजा, तुम्ही रोज सकाळी दोराला गाठी मारून विहिरीचे पाणी मोजता आणि वहीत लिहून ठेवता. वर्षाने ती वही दुसऱ्या कुणाच्या हाती दिली, तर विहीर न पाहताही पाणी केव्हा चढले, केव्हा उतरले, याची रेघ तो कागदावर काढू शकेल. आवाजाचेही असेच. हवेच्या दाबाचा चढउतार मोजून त्याचे आकडे लिहायचे. फरक एवढाच, की हे मोजमाप दिवसातून एकदा नव्हे, तर सेकंदाला हजारो वेळा करावे लागते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ते सेकंदाला ४४,१०० वेळा केलेले असते. हाच आकडा का? तर माणसाचा तरुण, निरोगी कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकतो, आणि कुठलेही कंपन नीट टिपायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. चाळीस हजारांच्या थोडे वर गेले म्हणजे काम भागते.

वहीतले आकडे वाचून त्यांची पुन्हा विजेची लाट करणे, ती हेडफोनला पुरेल इतकी जोरदार करणे, आणि उलट मायक्रोफोनमधून आलेल्या विजेचे आकडे करणे, एवढी तीनच कामे साउंड कार्डाची. आणि ती करणारी चिप आज बहुतेक प्रत्येक मदरबोर्डवर बसवलेलीच येते. संगणकाच्या पाठीमागे हिरव्या, गुलाबी, निळ्या रंगांची गोल भोके दिसतात ना, ती तिचीच. तेव्हा साउंड कार्ड घेतले नाही म्हणून संगणक मुका राहत नाही, ही पहिली धास्ती काढून टाका.

मग या कार्डाचा एवढा बोलबाला कशाने झाला? त्याला इतिहास आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक काढला, तेव्हा त्याच्या पोटात एक लहानसा स्पीकर होता आणि तो बीप-बीप करण्यापलीकडे फारसे काही जाणत नव्हता. खेळात तोफ उडाली तरी बीपच, आणि राजकन्या सुटली तरी बीपच! १९८७ साली कॅनडातल्या ॲडलिब कंपनीचे कार्ड आले. त्यावर यामाहाची एक चिप होती आणि ती कृत्रिम स्वर काढून संगीत वाजवी. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले. त्यात ॲडलिबचे संगीत होतेच, शिवाय ध्वनिमुद्रित केलेला आवाज वाजवायची सोय होती, आणि खेळाची दांडी जोडायला जागाही होती. एकात तीन गोष्टी! त्या काळी खेळ घ्यायचा तर साउंड ब्लास्टर हवे, ही गोष्ट खरीच होती. ती तेव्हापासून लोकांच्या मनात बसली आहे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९९७ साली इंटेल कंपनीने मदरबोर्डवरच आवाजाची सोय करण्यासाठी एक प्रमाण ठरवून दिले, आणि २००४ साली त्याहून सुधारलेले दुसरे. चिपा स्वस्त झाल्या आणि बोर्डावरच येऊ लागल्या. दुसरी गोष्ट विंडोज व्हिस्टाची. ती २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आली. त्याआधी खेळ आपल्या आवाजाचे गणित थेट साउंड कार्डाकडे सोपवू शकत असे आणि मुख्य प्रोसेसरचा भार तेवढा हलका होई. व्हिस्टाने ही जुनी वाट बंद केली. तेव्हापासून ते गणित प्रोसेसरच करतो, आणि आजच्या प्रोसेसरला ते काही जड नाही. म्हणून 'कार्ड लावलं की खेळ वेगाने पळतो' असे कुणी सांगितले, तर तो सल्ला कधीकाळी खरा होता, आज त्याची मुदत संपली आहे, असे खुशाल समजा.

आता मुलांचा दुसरा मुद्दा. तो मात्र ऐकून घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, बंदुकीच्या खेळात शत्रूची पावले कुठून वाजतात हे कळायला हवे, आणि ते साध्या संगणकात कळत नाही. रात्री राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसाला अंधारात कोल्हा डावीकडच्या बांधावर ओरडला की उजवीकडच्या, हे न पाहता कळते. कसे बरे कळते? डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी आणि किंचित मोठा लागतो. उजव्या कानाला मागाहून आणि थोडा बारीक, कारण मध्ये डोके आडवे येते. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश एवढाच असतो, तरी मेंदू तो पकडतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली याची नीट मांडणी केली होती. समोरचे-मागचे, वरचे-खालचे ओळखायला कानाच्या पाळीच्या वळणांचा उपयोग होतो. त्या वळणांवर आपटून आवाज किंचित बदलतो, आणि तो बदल ओळखायला मेंदू लहानपणापासून शिकलेला असतो.

हे सगळे गणित खेळाच्या आतच करता येते. दोन कानांना दोन वेगळे आवाज, एवढेच त्याला पुरते. पुष्कळ खेळांच्या आवाजाच्या मांडणीत 'हेडफोन' किंवा 'एचआरटीएफ' अशी निवड असते, ती याचसाठी. विंडोजमध्येही अशी एक सोय फुकट मिळते. मात्र एक पथ्य पाळावे : खेळातली सोय चालू असेल तर विंडोजमधली बंद ठेवावी, किंवा उलट. दोन्ही लावल्या तर दिशेवर पुन्हा दिशेचा संस्कार होतो, आणि पावले कुठून आली ते कळण्याऐवजी सगळा आवाज डब्यात घुमल्यासारखा होतो. खोक्यावर '७.१' लिहिलेल्या हेडफोनमध्येही बहुधा कानाला एक असे दोनच स्पीकर असतात. बाकी करामत हिशेबाची. तो आकडा पाहून पैसे मोजू नयेत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साउंड कार्ड म्हणजे औषध आहे असे धरा. औषध घेण्याआधी दुखणे कोणते ते पाहावे, नाही का?

हेडफोन मोबाइलला लावून तेच गाणे ऐका. तिथेही आवाज खरखरीत किंवा पोकळ लागला, तर दोष हेडफोनचा. कार्ड घेऊन तो जाणार नाही. मोबाइलवर चांगला आणि संगणकावर वाईट लागला, तर पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावा. पुढच्या भोकाची तार पेटीच्या आतून पंखे, ग्राफिक्स कार्ड वगैरेंच्या शेजारून जाते, आणि पुष्कळदा वाटेत चरचर गोळा करते. मागे लावले आणि चरचर थांबली, तर प्रश्न एका पैशाशिवाय मिटला.

आणखी एक गंमत सांगतो. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचा मायक्रोफोन संगणकावर चालेना; मोबाइलवर चाले. एका दुकानात त्याला साउंड कार्ड बदला असे सांगितले. पाहतो तो त्याच्या हेडफोनला एकच पिन, तीवर तीन काळी कडी. म्हणजे ऐकण्याची आणि बोलण्याची वाट एकाच पिनेत. आणि संगणकाला दोन निराळी भोके, हिरवे ऐकायचे, गुलाबी बोलायचे. एका पिनेची वाट दोन पिनांत फोडणारी वीतभर वायर मिळते, ती लावली आणि मायक्रोफोन बोलू लागला. ही अडचण फार घरांत असते, म्हणून मुद्दाम सांगितली.

तसेच हेडफोन यूएसबीचा असेल, ब्लूटूथचा असेल, किंवा आवाज मॉनिटरमधून येत असेल, तर पेटीतले साउंड कार्ड वाटेत येतच नाही. यूएसबी हेडफोनच्या पोटात स्वतःची आवाजाची चिप असते. असल्या हेडफोनसाठी कार्ड घेणे म्हणजे विहिरीवर इंजिन आणि पाणी मात्र कालव्याचे! ब्लूटूथचे म्हणाल तर आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि बोलणे चालू केले की बहुधा आवाजाचा कसही उतरतो. खेळाला तारेचा हेडफोन बरा.

आता घोंघाट. स्पीकरमधून एकसारखा 'हूंऽऽ' असा आवाज येतो, ही तक्रार खेड्यात शहरापेक्षा अधिक ऐकू येते, आणि तिच्याकडे पैशाहून मोठ्या कारणासाठी लक्ष द्यायला हवे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. तोच हा स्वर, किंवा त्याची दुप्पट. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावल्यावर बोटांना बारीक झिणझिण्या येतात का, पाहा. म्हणजे मुद्दाम पाहू नका, पण आजवर तसे जाणवले असेल तर आठवा. झिणझिण्या येत असतील, तर घरचे अर्थिंग बहुधा नावापुरते आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेतला कचरा जमिनीकडे वळवण्याची योजना असते. जमिनीकडे जाणारी वाटच तुटलेली असली, की ती गळती पेटीच्या पत्र्यावर येऊन थांबते. एरवी ती थोडी असते. पण आतला एखादा भाग बिघडून खरी वीज पत्र्यावर आली, तर अर्थिंग नसलेल्या घरात ती माणसाच्या अंगातून जमिनीत जाते. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, अनवाणी मुलगा बसलेला असतो हे ध्यानात घ्या.

यावर साउंड कार्ड हा उपाय नव्हे. उपाय तारतंत्र्याला, तोही परवानाधारक, बोलावून अर्थिंग तपासण्याचा. अंगणात कोळसा-मीठ घालून केलेला जुना खड्डा असेल, तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि त्याचा गुण जातो. त्यात पाणी घालावे लागते. तार गंजलेली असते, कधी बोर्डामागे मुळी जोडलेलीच नसते. कुणी हुशारी करून अर्थची तार न्यूट्रलला जोडून देतात. ती अत्यंत घातक गोष्ट आहे, करू देऊ नका. आणि घोंघाट जावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो कदापि ऐकू नये. अर्थिंग नीट असूनही घोंघाट राहिला, तर संगणक आणि स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन बोर्डांना न लावता एकाच बोर्डाला लावून पाहा. पुष्कळदा तेवढ्याने जातो.

हे सगळे करूनही दुखणे राहिलेच, तर मग कार्ड घ्यायला हरकत नाही. ती वेळ कुणावर येते? मदरबोर्डवरची आवाजाची चिप किंवा भोके बिघडलेली असतात त्यांच्यावर. शांत प्रसंगात, माउस हलवला की आतून कुरकुर ऐकू येते आणि मागच्या भोकातही ती थांबत नाही त्यांच्यावर. आणि ज्यांनी उंची हेडफोन घेतले आहेत त्यांच्यावर. हेडफोनवर 'ओहम' नावाचा आकडा लिहिलेला असतो. साधे हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात; त्यांना मदरबोर्डची ताकद पुरते. २५० किंवा ३०० ओहमचे असतील, तर त्यांना आवाज पुरेसा मोठा होण्यासाठी अधिक दाबाची वीज लागते आणि ती देणारे कार्ड उपयोगी पडते.

घ्यायचेच तर पेटीत बसणारे की बाहेर यूएसबीला लावायचे? माझे मत बाहेरच्याकडे झुकते. पेटीतल्या विजेच्या गोंधळापासून ते दूर राहते, लॅपटॉपलाही चालते, आणि संगणक बदलला तरी कामी येते. आतले कार्ड घेण्यापूर्वी बोर्डावर त्याची लहान पीसीआय एक्सप्रेस खाच आहे का, आणि जाडजूड ग्राफिक्स कार्डाखाली ती झाकली तर जात नाही ना, हे उघडून पाहावे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी फार जुनी कार्डे पीसीआय खाचेची असतात. ती खाच आजच्या बोर्डांवर बहुधा नसते. असली तरी नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी एकच वाचण्याजोगा आहे : आवाज आणि खरखर यांतले अंतर, डेसिबलमध्ये लिहिलेले. साध्या बोर्डाचे हे अंतर शंभरच्या जरा अलीकडे असते, चांगल्या बोर्डाचे किंवा कार्डाचे १२० च्या आसपास. वीस डेसिबल म्हणजे विजेच्या दाबात दहापट फरक, तेव्हा कागदावर हा आकडा मोठा दिसतो. पण खोलीत पंखा फिरतो आहे, बाहेर ट्रॅक्टर उभा आहे, शेजारी गिरणी चालू आहे. तिथे शंभरच्या पलीकडचे डेसिबल ऐकणार कोण? '१९२ किलोहर्ट्झ'चे तर बोलायलाच नको. कानाला वीस हजारांपलीकडे ऐकू येत नाही, हे वर आलेच आहे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. शाळेच्या संगणकखोलीत भोके सैल झालेले, आवाज न येणारे संगणक कोपऱ्यात पडलेले असतात. बोटाएवढे यूएसबी साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सवरही ते सहसा लावताच चालते. इंग्रजीचे उच्चार किंवा कविता ऐकवायला ते पुरेसे आहे. आवाज गेला म्हणून संगणक भंगारात काढू नका.

राहिली गोष्ट कानांची. जोरदार कार्ड आले की आवाज स्वच्छपणे पुष्कळ मोठा करता येतो. फाटत नाही म्हणून तो मोठा आहे हे मुलाला जाणवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी : प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी करायची. म्हणजे प्रौढ माणसालासुद्धा ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ तास. अन् हे आठवड्याचे, दिवसाचे नव्हे. खेळात होते असे, की पावले बारीक वाजतात आणि बंदूक मोठ्याने. पावले ऐकू यावीत म्हणून मुले सगळाच आवाज चढवतात आणि बंदुकीचा धमाका थेट कानात बसतो. पुष्कळ संगणकांत विंडोजच्या आवाजाच्या मांडणीत 'लाउडनेस इक्वलायझेशन' नावाची सोय असते. तिने बारीक आवाज उचलला जातो आणि मोठा दाबला जातो, एकूण आवाज न चढवता पावले कळतात. दिशेचा बारकावा तिने थोडा कमी होतो, त्याबद्दल मुलगा कुरकुरेल, कुरकुरू द्या. खेळून उठल्यावर कानात 'कुंईऽऽ' असा आवाज येत असेल, तर आवाज फार झाला असे समजावे. आणि तो दुसऱ्या दिवशीही राहिला, तर घरगुती तेल न घालता कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.